दुखण्याच्या गोळीला मुदत हवी

बडोद्यात खांदा निखळला, मनगट मुरगळलं किंवा कंबर धरली की जुनी माणसं आधी दांडिया बाजाराचं नाव घेतात. तिथं श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. लोक त्याला माणिकरावांचा आखाडा म्हणतात. राजरत्न प्रा. माणिकरावांनी आपल्या उस्तादांच्या, जुम्मादादांच्या नावानं तो नावारूपाला आणला. कुस्ती, मल्लखांब आणि लाठीच्या जोडीला हाड बसवण्याची आणि मालिशीची विद्याही तिथं जोपासली गेली. लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 साली स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे डभोईचे जगन्नाथ गणेश गुणे, 1907 ते 1910 या काळात माणिकरावांच्याच हाताखाली तयार झाले. पुढे द. चिं. मजुमदार यांनी मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, तेही बडोद्यातूनच. सांधा, स्नायू आणि हाड यांचा विचार मराठीतून करण्याची या शहराची परंपरा अशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

दांडिया बाजारातल्याच एखाद्या मेडिकल दुकानापाशी आज संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, तर दुखण्यावरचा दुसरा आणि आता कितीतरी अधिक चालणारा उपाय दिसतो. ‘ती गुडघ्याची द्या, मागच्या वेळची.’ स्ट्रिपचा कात्रीनं कापलेला तुकडा काउंटरवर येतो, दुकानदार तो उलटसुलट करून नाव वाचतो आणि दहा गोळ्या कागदी पाकिटात घालून देतो. चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही. पाकिटात असतं अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलचं मिश्रण, किंवा डायक्लोफेनॅक, किंवा एटोरिकॉक्सिब. ही सगळी सूज उतरवून वेदना कमी करणारी औषधं आहेत आणि कायद्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. हे चित्र एकट्या दांडिया बाजाराचं नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत, ठाण्यात, इंदुरात, बेळगावातही ते असंच दिसेल.

मला या औषधांची भीती घालायची नाही. संधिवातानं बोटं वाकडी होत असलेल्या बाईला, गाउटच्या झटक्यानं पाय टेकता न येणाऱ्या माणसाला, दाढ काढल्यानंतरच्या रात्री तळमळणाऱ्या तरुणाला या गोळ्यांनी जो आराम मिळतो तो खरा आहे, आणि तो नाकारणं क्रूरपणाचं होईल. पण या औषधांचा धोका तीन गोष्टींवर ठरतो: डोस किती, दिवस किती आणि घेणारा माणूस कोण. डोस स्ट्रिपवर छापलेला असतो. माणूस कोण हे डॉक्टर पहिल्या भेटीत पाहतात. दिवसांचा हिशेब मात्र कुणीच ठेवत नाही. पाच दिवसांसाठी लिहिलेली गोळी पाच वर्षं चालू राहते, आणि बहुतेक नुकसान त्या वाढीव दिवसांत होतं.

ही औषधं शरीरात नेमकं काय करतात हे फार उशिरा कळलं. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यानं अ‍ॅस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केलं 1897 साली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1907 मध्ये, प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी बडोद्यात अ‍ॅलेम्बिक कंपनी उभी केली आणि हे शहर औषधनिर्मितीच्या नकाशावर आलं. इंग्लंडच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1961च्या सुमारास आयब्युप्रोफेन शोधलं, ते 1969 मध्ये तिथल्या बाजारात आलं. सत्तरच्या दशकात सिबा-गायगीचं डायक्लोफेनॅक आलं. एवढी औषधं जगभर खपत असताना ती वेदना कशी थांबवतात याचं नीट उत्तर 1971 मध्ये जॉन वेन यांनी दिलं, आणि त्यासाठी 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. उत्तर असं की शरीर दुखापतीच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. ती सूज आणतात, ताप आणतात, वेदनेच्या नसा तीक्ष्ण करतात. गोळी ही द्रव्यं बनवणारं एन्झाइम बंद करते.

सगळी अडचण इथंच आहे. हीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तरावर संरक्षक थर राखतात, मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या उघड्या ठेवतात, रक्त गोठण्याचा आणि वाहण्याचा तोल सांभाळतात. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीला फक्त गुडघ्यात जाता येत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडे तेच काम करते.

पोटाबद्दल लोकांना थोडं माहीत आहे, पण जे माहीत आहे त्यातलं निम्मं चुकीचं आहे. ‘जेवून घेतली की काही होत नाही’ हा पहिला समज. जेवल्यानंतर गोळी घेतल्यानं मळमळ आणि जळजळ कमी होते हे खरं, पण अल्सरपासून पुरेसं संरक्षण मिळत नाही, कारण इजा गोळीच्या स्पर्शापेक्षा रक्तातून पोचलेल्या औषधामुळे अधिक होते. म्हणूनच ‘इंजेक्शन घेतलं म्हणजे पोटाला त्रास नाही’ हा दुसरा समजही टिकत नाही. कंबरेत घेतलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही जठराचं अस्तर उघडं पाडतं. तिसरा समज असा की त्रास व्हायचा असेल तर आधी पोट दुखेल. वयस्कर माणसांत पुष्कळदा तसं होत नाही. वेदनाशामक औषध अल्सरची वेदनाही झाकून टाकतं, आणि पहिली खूण म्हणून डांबरासारखी काळी शी होते किंवा रक्ताची उलटी होते. घरातल्या आजी-आजोबांना ‘शी काळी होते का?’ असं विचारायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडून विचारायला हवं. चक्कर, दम लागणं, फिकटपणा ही आतल्या आत होणाऱ्या रक्तस्रावाची लक्षणं असतात, आणि ती ‘वयामुळे थकवा’ म्हणून सोडून दिली जातात.

यावर उपाय म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची ‘गॅसची गोळी’, म्हणजे पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल, लिहिली जाते. ज्यांचं वय 65 च्या पुढे आहे, ज्यांना आधी अल्सर झाला आहे, जे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं किंवा स्टेरॉइड घेतात, त्यांना तिची खरंच गरज असते. पण ती जठर सांभाळते. लहान आतडं, मूत्रपिंड आणि हृदय यांना तिचा उपयोग नाही. गॅसची गोळी चालू आहे म्हणून दुखण्याची गोळी निर्धोक झाली असं मानणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ भेटतात.

मूत्रपिंडाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ते शेवटपर्यंत तक्रार करत नाही. निरोगी, पुरेसं पाणी पिणाऱ्या तरुणाला आठवडाभराच्या गोळ्यांनी सहसा काही होत नाही. पण उतारवयात, मधुमेहात, हृदय दुर्बळ असताना किंवा शरीरातलं पाणी कमी झालं असताना मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा टिकवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनवर फार अवलंबून असतं. तेव्हाच गोळीनं प्रोस्टाग्लँडिन बंद केलं तर मूत्रपिंड एकाएकी काम टाकू शकतं. बडोद्याचा मे महिना आठवा. पारा 42 च्या वर, लग्नसराई, उन्हातला प्रवास, त्यात जुलाब, आणि अंग मोडून आलं म्हणून दिवसातून दोनदा गोळी. असं एखाद्या सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत झालं तर चार दिवसांत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन दुप्पट होऊ शकतं.

त्यातही औषधांची एक तिकडी डॉक्टर मंडळींना चांगली ठाऊक असते आणि घरांत जवळजवळ कुणालाच नसते. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल या जातीची गोळी, तिच्यासोबत लघवी वाढवणारं औषध, आणि वर दुखण्याची गोळी. तीन औषधं मूत्रपिंडावर तीन बाजूंनी दाब आणतात. आता आपल्या घरातलं रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट हातात घ्या. नावापुढे ‘एच’ असं अक्षर दिसतं का पाहा. असेल तर बहुधा त्या एकाच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, मिसळलेलं आहे. तिघांपैकी दोघं आधीच घरात आहेत, तिसरं कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय येतं. रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, दुकानदार तिसराच. तिघांच्याही कागदावर एकमेकांचं औषध नसतं. शिवाय दुखण्याची गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब चढवते, म्हणून ‘बीपीची गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस पुन्हा पहिल्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथं बीपीची गोळी वाढवली जाते. हा फेरा मोडायचा तर सगळी औषधं एका माणसाच्या नजरेखाली यावी लागतात. तो माणूस बहुतेक वेळा घरातलाच असावा लागतो.

मूत्रपिंडाला दुखण्याचं औषध किती घातक ठरू शकतं याचा सगळ्यांत भयंकर दाखला माणसाबाहेरचा आहे. गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक दिलं जाई. ती गुरं मेल्यावर गिधाडं त्यांचं मांस खात आणि काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन, आतल्या इंद्रियांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर साचून मरत. हे कारण 2004 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून जगासमोर आलं. भारतातल्या गिधाडांच्या काही जातींची संख्या तोवर शेकडा 95 हून अधिक घटली होती. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही 3 मिलिलिटरच्या एकाच डोसच्या कुपीत विकायचा नियम करावा लागला. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली. गिधाडाची शरीररचना माणसाहून वेगळी आहे, आपल्याला तितक्या डोसानं तसं होत नाही. पण मूत्रपिंडाशी या औषधाचं वैर कसं असतं हे त्याहून स्पष्ट कुठं दिसलेलं नाही.

आता हृदय. 1990च्या दशकात कळलं की प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम दोन प्रकारचं असतं. एक रोजच्या देखभालीचं, दुसरं मुख्यतः सुजेच्या जागी जागं होणारं. दुसऱ्यालाच अडवणारं औषध केलं तर पोट वाचेल, या आशेतून सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब आली. पोट खरंच बऱ्यापैकी वाचलं. पण 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांना जुन्या गटातलं नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचे झटके अधिक आले. त्यावर बराच काळ वाद घातला गेला. अखेर दुसऱ्या एका चाचणीत अठरा महिन्यांनंतर धोका स्पष्ट दिसला आणि मर्क कंपनीनं 30 सप्टेंबर 2004 रोजी हे औषध जगभरातून मागं घेतलं. भारतात अनेक कंपन्या ते आपापल्या नावानं विकत होत्या. इथली बंदी त्याच वर्षी डिसेंबरात आली, आणि पुढच्या वर्षी त्याच जातीचं वाल्डेकॉक्सिबही गेलं.

तेव्हा पुष्कळांना वाटलं की दोष फक्त नव्या औषधांचा होता. 2013 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेकडो चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला आणि तो समज मोडला. जुनं, ओळखीचं डायक्लोफेनॅक मोठ्या डोसात हृदयासाठी या नव्या कॉक्सिब गटाइतकंच धोक्याचं निघालं. मध्यम धोक्याच्या हजार माणसांनी वर्षभर ते घेतलं तर साधारण तिघांना एरवी न आलेला झटका किंवा तसाच मोठा त्रास होईल आणि त्यांतला एक दगावेल, असा तो हिशेब. नॅप्रोक्सेनमध्ये हृदयाचा धोका तसा वाढलेला दिसला नाही, पण पोटाचा अधिक दिसला. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियंत्रकांनी हृदयरोग, पक्षाघात किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असं ठरवलं, आणि 2015 मध्ये ब्रिटननं त्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणं थांबवलं. आपल्याकडे चिठ्ठीचा नियम कागदावर आधीपासून आहे. हजारात तीन हा आकडा एकेका माणसाला लहान वाटेल. पण बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसासाठी तो लहान राहत नाही, आणि असा माणूस आता आपल्या प्रत्येक इमारतीत आहे.

एटोरिकॉक्सिबचा इथं वेगळा उल्लेख करायला हवा, कारण आपल्याकडे 60, 90 आणि 120 मिलिग्रॅमच्या त्याच्या गोळ्या सर्रास चालतात. अमेरिकेच्या नियंत्रकांनी या औषधाला मान्यता दिली नाही. युरोपात ते मिळतं, पण रक्तदाब 140/90 च्या वर असून आटोक्यात नसेल तर देऊ नये असं तिथं बजावलेलं आहे. 120 ची गोळी गाउटच्या तीव्र झटक्यासाठी, तीही जास्तीत जास्त आठ दिवस. महिनोन्‌महिने 120 घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या कुणालाच कुणी हे सांगितलेलं नव्हतं. हृदयासाठी रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेनबाबतही सावध असावं. आयब्युप्रोफेन आधी पोटात गेलं तर ते अ‍ॅस्पिरिनची जागा अडवतं आणि अ‍ॅस्पिरिनचा हृदयाला होणारा फायदा कमी करतं. क्वचित एखादी गोळी लागलीच तर अ‍ॅस्पिरिननंतर किमान अर्धा तास थांबून घ्यावी, आणि रोज लागत असेल तर डॉक्टरांशी बोलून औषधच बदलावं. अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनानं कधीच बंद करू नये.

आपल्या देशाचा खास प्रश्न आहे तो मिश्रणांचा. एका गोळीत दोन-तीन औषधं घालून नवं नाव द्यायचं, ही आपल्या बाजाराची जुनी रीत. मार्च 2016 मध्ये केंद्र सरकारनं 344 मिश्रणांवर बंदी घातली. त्या यादीत निमेसुलाइड आणि डायक्लोफेनॅक एकत्र असलेली गोळीही होती, म्हणजे एकाच जातीची दोन औषधं एकदम. फायदा वाढत नाही, धोका मात्र दोन्हींचा. कंपन्या न्यायालयात गेल्या, बंदी रद्द झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून तज्ज्ञांकडे परत आलं, आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणं पुन्हा बंद झाली. ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156 गेली, त्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅक 50 आणि पॅरासिटामॉल 125 मिलिग्रॅमचं मिश्रणही होतं. सरकारनं उशिरा का होईना हे केलं, याचं श्रेय द्यायला हवं. पण निमेसुलाइड-डायक्लोफेनॅकची ती गोळी अडीच वर्षं लोकांच्या पोटात जात राहिली, हेही सांगायला हवं.

ग्राहकाला मिश्रणाचा त्रास वेगळ्या रीतीनं होतो. अ‍ॅसिक्लोफेनॅक 100 आणि पॅरासिटामॉल 325 ही आपल्याकडची नेहमीची गोळी. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरांत औषधांची नावं, डाव्या कडेला लाल रेघ. ही गोळी दिवसातून दोनदा चालू असताना ताप आला की माणूस पॅरासिटामॉल 650 दिवसातून चारदा घेतो. एका दिवसात सव्वातीन ग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जातं. धडधाकट तरुणासाठी दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम आहे, पण कमी वजनाच्या, दारू पिणाऱ्या किंवा यकृताचा विकार असलेल्या माणसाला सव्वातीन ग्रॅमही जड जातात. किंवा हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलेली एका नावाची गोळी आणि दातांच्या डॉक्टरांनी लिहिलेली दुसऱ्या नावाची गोळी, दोन्हींत अ‍ॅसिक्लोफेनॅकच. म्हणून मोठं नाव सोडून बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्यायला हवी. ‘फेनॅक’, ‘प्रोफेन’, ‘कॉक्सिब’, ‘ऑक्सिकॅम’ यांनी संपणारी नावं, तसंच नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि इंडोमेथॅसिन हे सगळं एकच घराणं. या घराण्यातलं एका वेळी एकच औषध चालावं. हृदयासाठी डॉक्टरांनी लावलेली छोटी अ‍ॅस्पिरिन हा त्याला अपवाद.

निमेसुलाइडचा इतिहास आपल्या नियंत्रणव्यवस्थेची गती सांगतो. यकृताच्या इजेच्या तक्रारींवरून 2002 मध्ये फिनलंड आणि स्पेननं ते थांबवलं, 2007 मध्ये आयर्लंडनं. अमेरिकेत ते कधी विकलंच गेलं नाही. आपल्याकडे मुलांच्या तापासाठी त्याची पातळ औषधं घरोघरी होती. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली 2011 मध्ये. 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या साध्या गोळ्यांवर बंदी यायला 2025 चा डिसेंबर उजाडला. पाळीच्या दुखण्यासाठी मुली हमखास घेतात त्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दलही नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं इशारा दिला. क्वचित काहींना औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असा गंभीर त्रास होतो. पाळीचे दोन-तीन दिवस ही गोळी घेणाऱ्या बहुतेक मुलींना घाबरण्याचं कारण नाही. पुरळ आणि ताप एकत्र दिसले तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं, एवढं प्रत्येक आईनं मुलीला सांगून ठेवावं. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर ही औषधं टाळावीत, असं अमेरिकेच्या नियंत्रकांनी 2020 मध्ये सांगितलं आहे. गर्भाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर त्यांचा परिणाम होतो. गरोदर बाईनं कंबरदुखीसाठी स्वतःहून काहीही घेऊ नये.

पावसाळ्यात एक नियम वेगळा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बडोदेकरांनी चिखल उपसला. अशा पाण्यानंतर डेंग्यूचा हंगाम येतो. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. अंग कितीही ठणकत असलं तरी डेंग्यूची शंका फिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, मेफेनॅमिक यांतलं काही नाही. रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असणाऱ्यांनी अशा तापात पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. नवरात्रातही असंच एक प्रकरण असतं. रात्रभर गरबा खेळायचा म्हणून आधीच गोळी घेऊन निघणारी तरुण मंडळी वाढली आहेत. घाम गाळत, पाणी कमी पीत, नऊ रात्री ती गोळी घेणं म्हणजे दुखावलेल्या गुडघ्याची हाक दाबून त्याच गुडघ्यावर पुन्हा उड्या मारणं. दम्याच्या रुग्णांनी तर अधिकच जपावं, कारण त्यांच्यापैकी काहींना या औषधांनी दम्याचा तीव्र झटका येतो.

मग गुडघे दुखणाऱ्यानं करायचं काय? इथं मला माणिकरावांच्या आखाड्याकडे पुन्हा वळावंसं वाटतं, जुन्याच्या ओढीनं नव्हे तर आजच्या वैद्यकाच्या सांगण्यावरून. झिजलेल्या गुडघ्यासाठी ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिला उपाय व्यायामाचा आहे: मांडीचे स्नायू बळकट करणं, चालणं, वजन कमी करणं. त्यानंतर येतं लावायचं औषध. डायक्लोफेनॅकचं मलम गुडघ्यावर आणि हाताच्या सांध्यांवर बऱ्यापैकी काम करतं, आणि त्यातलं सुमारे 6 टक्केच औषध रक्तात जातं. ते जखमेवर लावू नये, वरून गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, लावल्यावर हात धुवावेत. मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल तर मलमाबद्दलही डॉक्टरांना विचारावं. तोंडावाटे घ्यायची गोळी यानंतर, कमीत कमी डोसात आणि कमीत कमी दिवस. हाड मोडल्याची शंका असेल तर मालिश किंवा ओढाताण न करता आधी एक्स-रे, हेही तितकंच पक्कं. आखाड्याच्या विद्येची खरी ताकद मला बळकट स्नायूत दिसते, आणि ती कमवायला वय आड येत नाही.

सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या मात्र घरात येऊ देऊ नयेत. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक सापडल्याची प्रकरणं देशात वारंवार उघड झाली आहेत. तीन दिवसांत चमत्कार वाटावा इतका आराम पडला, तर त्या पुडीत काय आहे अशी शंका आधी घ्यावी. आणि महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम बंद केली तर अंगातलं स्टेरॉइड तुटून माणूस कोसळू शकतो, म्हणून ती थांबवतानाही डॉक्टरांचा सल्ला लागतो.

ज्यांना संधिवातासाठी ही औषधं खरोखर दीर्घकाळ लागतात, त्यांनी ती लपूनछपून न घेता देखरेखीखाली घ्यावीत: सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळानं रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि क्रिअ‍ॅटिनिन, गरजेप्रमाणे यकृताची तपासणी. या चाचण्या रोजच्या आहेत, बडोद्याच्या सयाजी रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांतही होतात. जुलाब, उलट्या किंवा जोराचा ताप असेल त्या दिवसांत गोळी थांबवावी आणि डॉक्टरांना कळवावं.

दांडिया बाजारातल्या कितीतरी मराठी घरांत आता आई-वडील एकटे आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत. फोनवर विचारलं की ‘गुडघा बरा आहे, गोळी घेते ना’ असं उत्तर येतं आणि मुलांना बरं वाटतं. वाचकांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा औषधांचा डबा टेबलावर रिकामा करा, मावशी-काकांचाही करा. प्रत्येक स्ट्रिपची बारीक अक्षरं वाचून एका कागदावर सगळी नावं लिहा आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. दुखण्याची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘किती तारखेपर्यंत?’ आणि ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. ती उलटल्यावर दुकानात रिकामी स्ट्रिप नेऊ नका, डॉक्टरांकडे जा. औषधानं त्रास झाल्याची शंका आली तर देशाच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं सामान्य नागरिकालाही तक्रार नोंदवता येते.